पोरक्यांची माउली : पंडिता रमाबाई

थोर माणसांचीं चरित्रें वाचतांना आपण बहुधा त्यांचें यश मोजतों. त्यांनीं कोणते ग्रंथ लिहिले, कोणत्या पदव्या मिळविल्या, कोणत्या सभा गाजविल्या, हें आपण पाठ करतों. पंडिता रमाबाईंच्या चरित्रांत अशा गोष्टींचा तुटवडा नाहीं, आणि त्यांच्या विद्वत्तेविषयीं आमच्या वाचकांनीं पुष्कळ ऐकलेंही असेल. ह्या लेखांत मात्र आम्ही त्यांच्या आयुष्यांतील एकाच धाग्याकडे लक्ष वेधणार आहों. ज्या मुलींवर कोवळ्या वयांत मृत्यूचा घाला पडला, त्यांच्यासाठीं रमाबाईंनीं घर कसें उभारलें, तें घर चालावें म्हणून जवळच्या व दूरच्या लोकांनीं कसा हात दिला, आणि हें कार्य करण्याची पात्रता रमाबाईंच्या अंगीं कशी आली, हें आम्हांला सांगावयाचें आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या घाटांतील गंगामूळ नांवाच्या अरण्यांत झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृत विद्येंत पारंगत होते. स्त्रियांनीं संस्कृत शिकूं नये असा त्या काळचा दंडक होता. परंतु अनंतशास्त्र्यांनीं आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला तें शिकविलें आणि त्याबद्दल जातभाईंचा रोष पत्करला. अरण्यांतील त्यांच्या घरीं विद्यार्थी व यात्रेकरू ह्यांची सदा वर्दळ असे. ह्या आदरातिथ्यापायीं कर्ज झालें आणि शेवटीं तें घर सोडण्याची वेळ आली. रमा तेव्हां तान्ही होती. तिला वेताच्या पेटाऱ्यांत घालून डोंगराखालीं आणिलें. तेव्हांपासून हें कुटुंब तीर्थांतीर्थांतून पुराणें सांगत हिंडूं लागलें. वडील वृद्ध झाले होते, म्हणून रमेला शिकविण्याचें काम आईनें अंगावर घेतलें. दिवसाचीं कामें सुरू होण्यापूर्वीं, पहांटेच्या वेळीं, लक्ष्मीबाई मुलीला उठवीत व पाठ देत. अशा रीतीनें त्या मुलीला भागवताचे हजारों श्लोक मुखोद्गत झाले.

पुढें दक्षिणेंत दुष्काळ पडला. जवळचा पैसा संपला. दागिने गेले, भांडीं गेलीं, आणि शेवटीं रानांतील झाडपाल्यावर दिवस काढण्याची पाळी आली. ह्या कुटुंबापाशीं विद्या होती, परंतु हातानें करावयाचें एकही काम त्यांना येत नव्हतें. आणि भीक मागण्याची लाज वाटे. हा प्रसंग रमाबाई कधींही विसरल्या नाहींत. १८७४ सालीं अंध झालेल्या अनंतशास्त्र्यांनीं प्राण सोडला. मरतेसमयीं त्यांनीं आपल्या धाकट्या मुलीला जवळ घेऊन, सन्मार्गानें चाल व ईश्वराची सेवा कर, असा उपदेश केला. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत लक्ष्मीबाई गेल्या.

लक्ष्मीबाईंच्या तिरडीला खांदा देण्यास माणसें मिळेनात. ह्या परक्या, कफल्लक कुटुंबासाठीं पुढें कोण येणार? शेवटीं दोघां ब्राह्मणांना दया आली. ते दोघे व हीं दोन भावंडें अशीं चौघें मिळून तिरडी तीन मैलांवरील स्मशानांत घेऊन गेलीं. रमा उंचीनें ठेंगणी. तिचा खांदा इतरांच्या खांद्याला पोंचेना. म्हणून तिनें आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला. त्या वेळीं तिचें वय सोळा वर्षांचें होतें. मग थोड्याच महिन्यांत थोरली बहीण कृष्णाबाई हीही वारली.

आई गेल्याचें दुःख तर होतेंच. परंतु अशा घडीला आपल्यासाठीं कोणी पुढें येत नाहीं, हें दुसरें दुःख त्यावर पडलें. पहिलें दुःख मृत्यूबरोबर येतें व तें कोणालाही टाळतां येत नाहीं. दुसरें माणसें देतात, आणि म्हणूनच तें माणसांना दूरही करतां येतें. रमाबाईंच्या पुढील सर्व कार्याचें बीज आम्हांला ह्या भेदांत दिसतें.

आतां उरलीं दोघें : रमा व तिचा भाऊ श्रीनिवासशास्त्री. हीं दोन भावंडें हिंदुस्थानभर हजारों मैल पायीं हिंडलीं. अंगावर पुरेसें वस्त्र नाहीं, पोटांत पुरेसें अन्न नाहीं, अशा स्थितींत तीं १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचलीं. तेथील विद्वानांनीं ह्या तरुण मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. स्त्रियांना शिक्षण द्यावें, असें ती सभांतून सांगूं लागली. परंतु हा मान फार काळ सुखाचा ठरला नाहीं. १८८० सालीं डाक्क्यास श्रीनिवासशास्त्री वारले. त्याच वर्षीं रमाबाईंनीं बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलांशीं विवाह केला. १८८१ च्या एप्रिल महिन्यांत कन्या झाली. उभयतांना मुलीची हौस होती. तिचें नांव त्यांनीं मनोरमा असें ठेविलें. मुलीचा पहिला वाढदिवस येण्यापूर्वींच, ४ फेब्रुवारी १८८२ रोजीं, पटकीच्या रोगानें मेधावी गेले. आठ वर्षांत बाप, आई, बहीण, भाऊ व पति असे पांच मृत्यु रमाबाईंनीं पाहिले. त्या वेळीं त्यांना चोविसावें वर्ष लागलें होतें, आणि कडेवर दहा महिन्यांचें मूल होतें.

अशा स्थितींत त्या महाराष्ट्रांत आल्या. पुण्यांत १८८२ सालीं त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला. शिक्षणाच्या चौकशीसाठीं नेमलेल्या हंटर कमिशनपुढें त्यांनीं साक्ष दिली, आणि स्त्रियांना स्त्री-शिक्षक व स्त्री-डॉक्टर मिळाले पाहिजेत, असें आग्रहानें मांडलें. ह्याच काळांत उच्चवर्णीय घरांतील बालविधवांचे हाल त्यांनीं जवळून पाहिले.

आमच्या आजच्या विद्यार्थिनींना त्या हालांची कल्पना येणें कठीण आहे. आठ-दहा वर्षांच्या मुलीचें लग्न होई. नवरा आजारी पडून मरे. पुष्कळदां तिनें त्याला नीट पाहिलेलेंही नसे. परंतु तिच्याच पायगुणानें तो गेला, असें म्हणून सासरचीं माणसें तिला बोल लावीत. पुढें तिच्या डोक्याचे केस काढीत, तिला एकवेळ जेवावयास देत, मंगलकार्यांत तिचें दर्शनही अशुभ मानीत. १८५६ च्या कायद्यानें विधवाविवाहाला मोकळीक दिली होती. परंतु रूढीपुढें कायद्याचें फारसें चालत नव्हतें. म्हणजे ज्या मुलीचें सांत्वन करावयाचें, तिलाच अपराधी ठरवावयाचें, असा हा प्रकार होता. रमाबाई स्वतः विधवा होत्या. परंतु आपण प्रौढ आहों, विद्या शिकलों आहों, म्हणून उभ्या राहूं शकलों, हें त्यांना कळत होतें. ह्या मुलींपाशीं दोहोंपैकीं एकही नव्हतें. त्यांच्यासाठीं एक घर काढावें, हा विचार त्यांच्या मनांत पक्का झाला.

घर काढावयाचें तर पैसा पाहिजे, आणि स्वतःची तयारीही पाहिजे. वैद्यकी शिकण्याच्या इच्छेनें त्या १८८३ सालीं इंग्लंडास गेल्या. परंतु त्यांना ऐकूं कमी येऊं लागलें होतें, आणि ह्या बहिरेपणामुळें तो बेत सोडावा लागला. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठांत त्या राहिल्या. त्या भगिनी समाजानें टाकलेल्या स्त्रियांची सेवा करीत, हें पाहून त्यांच्या मनावर मोठा परिणाम झाला. त्याच वर्षीं सप्टेंबरांत त्यांनीं मनोरमेसह ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. नंतर चेल्टनॅम येथील स्त्रियांच्या कॉलेजांत त्यांनीं अध्ययन केलें व संस्कृत शिकविलें.

१८८६ सालीं आनंदीबाई जोशी ह्यांना फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजाची पदवी मिळावयाची होती. त्या समारंभासाठीं रमाबाई अमेरिकेस गेल्या, आणि थोडे दिवस राहण्याचा बेत करून गेलेल्या बाई तेथें दोन वर्षांहून अधिक काळ राहिल्या. लहान मुलांना खेळांतून, हस्तकामांतून शिकविण्याची फ्रोबेलची बालोद्यान पद्धति त्यांनीं तेथें शिकून घेतली. १८८७ सालीं उच्चवर्णीय हिंदु स्त्रीच्या स्थितीविषयीं त्यांनीं इंग्रजींत एक पुस्तक लिहिलें. तें त्यांनीं आपल्या आईच्या स्मृतीस अर्पण केलें. पुस्तकाच्या हजारों प्रति खपल्या, व त्या पैशानें पुढील कामाला आधार झाला. त्याच वर्षींच्या फेब्रुवारींत आनंदीबाई पुण्यास परत येऊन क्षयानें वारल्या होत्या. जिच्या आनंदासाठीं रमाबाई समुद्र ओलांडून गेल्या, तीही गेली.

१८८७ च्या डिसेंबरांत बोस्टन शहरीं रमाबाई असोसिएशन नांवाचें मंडळ स्थापन झालें. ह्या मंडळाची रचना आमच्या वाचकांनीं लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. एखाद्या धनिकानें मोठी देणगी द्यावी व नांव लावून घ्यावें, अशी ती रचना नव्हती. गांवोगांवच्या स्त्रीपुरुषांनीं लहान लहान मंडळ्या काढल्या, आणि प्रत्येक सभासदानें दरसाल एक डॉलर, असें दहा वर्षें देण्याचें वचन दिलें. ख्रिस्ती धर्मांतील निरनिराळ्या पंथांचे लोक त्यांत एकत्र आले होते. घरांत येणाऱ्या मुलींच्या धर्मांत ढवळाढवळ होऊं नये, त्यांनीं आपल्या चालीरीतींप्रमाणें रहावें, असें ह्या मंडळानें रमाबाईंच्याच इच्छेनुसार ठरविलें.

दहा वर्षें कां, असें कोणी विचारील. पोरक्या मुलीला एक दिवस गोडाचें जेवण घातल्यानें तिचें आयुष्य मार्गाला लागत नाहीं. ती आज घरांत येते, कित्येक महिने बोलतही नाहीं, मग हळूहळू अक्षरें गिरवूं लागते. तिला शिक्षिका किंवा दाई होण्यास कित्येक वर्षें लागतात. तोंवर तिच्या जेवणाची, वस्त्राची व पुस्तकांची तरतूद चुकतां कामा नये. देणारा मध्येंच थकला, तर त्या मुलीचें घर दुसऱ्यांदा मोडतें. दूरच्या देशांतील त्या साध्या लोकांनीं ही गोष्ट ओळखली, आणि ज्या मुलींचीं तोंडें त्यांनीं कधीं पाहिलीं नव्हतीं, त्यांच्यासाठीं वर्षानुवर्षें आपला डॉलर बाजूला ठेविला.

ह्या बळावर ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत शारदासदन उघडलें. आरंभीं विद्यार्थिनी दोनच होत्या. पहिल्या काळांत आलेल्या विधवांत गोदूबाई ह्या होत्या. त्यांना लहानपणींच वैधव्य आलें होतें, व कित्येक वर्षें त्यांनीं सासरीं कष्टांत काढलीं होतीं. शारदासदनांत त्या शिकल्या. पुढें १८९३ सालीं प्रोफेसर धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशीं त्यांचा पुनर्विवाह झाला. कर्व्यांनीं १८९६ सालीं विधवांसाठीं आश्रम काढला, तेव्हां ह्याच गोदूबाई, म्हणजे आनंदीबाई कर्वे, त्या आश्रमासाठीं वर्गणी गोळा करीत हिंडल्या. जिला एका घरानें आधार दिला, तिनेंच दुसऱ्या घरासाठीं झोळी धरली.

१८९० च्या अखेरीस सदन पुण्यास आलें. न्यायमूर्ति रानडे, डॉक्टर भांडारकर ह्यांसारख्या मान्यवर गृहस्थांनीं सल्लागार म्हणून त्याला पाठिंबा दिला. सदनाला शाळेपेक्षां घराचें रूप यावें, ह्याकडे रमाबाईंचें विशेष लक्ष असे. ज्या मुलीला कालपर्यंत कोणाच्या समोर येण्याची बंदी होती, ती येथें बागेंत फिरूं शके, खेळूं शके, मोठ्यानें हसूं शके. केस काढण्याची सक्ति नाहीं, अपशकुनी म्हणून हिणवणारें कोणी नाहीं. रमाबाई ह्या मुलींना आपल्या मनोरमेबरोबर वाढवीत.

परंतु ह्या कार्यावर लौकरच मोठें संकट आलें, आणि तें झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं. रमाबाई आपल्या खोलींत प्रार्थना करीत, तेव्हां खोलीचें दार उघडें असे. कांहीं मुली आपण होऊन तेथें येऊन बसूं लागल्या. ही वार्ता बाहेर पसरली. केसरी पत्रांतून कडक टीका झाली. पालकांचें म्हणणें असें होतें, कीं आम्ही मुली सोपविल्या त्या धर्माला धक्का लागणार नाहीं ह्या भरंवशावर, आणि तो भरंवसा आतां राहिला नाहीं. रमाबाईंचें म्हणणें असें होतें, कीं मी कोणालाही बोलावीत नाहीं; परंतु मुलींना आपापल्या धर्माची मोकळीक आहे, तशीच ती मलाही आहे, आणि माझ्या खोलीचें दार मी मुलींना बंद करणार नाहीं. १८९३ सालीं सल्लागार मंडळानें अंग काढून घेतलें, आणि पुष्कळ पालकांनीं मुली परत नेल्या. बोस्टनच्या मंडळानें आपल्या कार्यकारी समितीच्या प्रमुख श्रीमती जुडिथ अँड्र्यूज ह्यांना सर्व प्रकार प्रत्यक्ष पाहण्यासाठीं पुण्यास पाठविलें. त्यांनीं येथें राहून चौकशी केली, व मंडळानें रमाबाईंना दिलेला आधार कायम ठेविला.

ह्या वादांत दोन्ही बाजूंनीं सद्भावाचीं माणसें होतीं. आपल्या मुलीविषयीं पालकांना वाटलेली चिंता खोटी नव्हती, आणि आपल्या श्रद्धेप्रमाणें उघडपणें वागण्याचा रमाबाईंचा हक्कही खोटा नव्हता. परंतु ह्या ओढाताणींत खरी हानि झाली ती परत नेलेल्या मुलींची. त्यांतील कित्येकींचें शिक्षण तेथेंच थांबलें. दुःखी मुलांसाठीं चाललेली संस्था लोकांच्या विश्वासावर उभी असते. म्हणून चालकांनीं आपला व्यवहार सर्वांच्या डोळ्यांसमोर ठेविला पाहिजे. आणि साहाय्य करणाऱ्यांनीं शंका आली तर स्वतः जाऊन पाहिलें पाहिजे, हिशेब मागितला पाहिजे, आणि मगच आपला निर्णय घेतला पाहिजे.

१८९६ सालीं मध्यप्रांतांत मोठा दुष्काळ पडला. ती बातमी ऐकतांच रमाबाईंना वीस-बावीस वर्षांपूर्वींचा आपला दुष्काळ आठवला. आपल्यापाशीं पैसा किती आहे, जागा किती आहे, ह्याचा हिशेब पुरा होण्याची वाट न पाहतां त्या तिकडे गेल्या. रस्त्यांच्या कडेला, दुष्काळी कामांवर व अन्नछत्रांच्या आसपास आईबाप गमावलेल्या मुली व तरुण विधवा त्यांना भेटल्या. कित्येकींना दुष्ट लोक फसवून नेण्याच्या बेतांत होते. अशा सुमारें तीनशें जणींना त्यांनीं आणून आसरा दिला. परंतु १८९७ सालीं पुण्यांत प्लेगाचा कहर झाला, आणि नव्या मुलींना शहरांत ठेवण्यास अधिकाऱ्यांनीं मनाई केली.

पुण्याहून सुमारें ३४ मैलांवर, रेल्वेच्या वाटेवर, केडगांव हें गांव आहे. तेथें रमाबाईंनीं फळझाडें लावून सदनाला उत्पन्न व्हावें म्हणून सुमारें शंभर एकर जमीन पूर्वींच घेतली होती. त्या मोकळ्या माळावर राहुट्या ठोकून त्यांनीं ह्या मुलींना नेलें. विहिरी खणल्या, इमारती उठल्या, आणि १८९८ सालीं मुक्तिसदनाची रीतसर स्थापना झाली. १९०० सालीं गुजराथेंत दुष्काळ पडला, तेव्हां तेथूनही शेंकडों मुली आल्या, व आश्रमाची वस्ती दोन हजारांच्या घरांत गेली.

ह्या मुली कोणत्या स्थितींत येत, तें ध्यानीं घेतलें म्हणजे रमाबाईंच्या पद्धतीचें महत्त्व कळतें. हाडांचे सांपळे झालेले, अंगावर चिंध्या, केसांच्या जटा. अन्न दिसलें कीं लपवून ठेवावें, कोणी जवळ आलें कीं अंग चोरावें, अशी त्यांची वृत्ति झालेली असे. कित्येक इतक्या क्षीण असत, कीं सर्व उपचार करूनही त्या वांचल्या नाहींत. ज्या वांचल्या, त्यांना आधी स्नान, स्वच्छ वस्त्र व बेताबेतानें अन्न मिळे. मग शारदासदनांत वाढलेल्या जुन्या मुलींच्या हातीं त्यांना सोपवीत. ज्यांनीं स्वतः वियोग सोसला होता, त्याच आतां नव्या मुलींच्या आया व बहिणी झाल्या. नव्या मुलीला आपलें दुःख समजावून सांगावें लागत नसे. समोरचीला तें ठाऊकच असे. आणि जुन्या मुलीलाही, आपण कोणाच्या तरी उपयोगीं पडतों, ह्या जाणिवेनें धीर येई. दुःखावर हा उपाय रमाबाईंनीं कोठल्या ग्रंथांत वाचला होता, असें आम्हांला वाटत नाहीं.

त्यानंतर काम. विद्या असूनही हाताला काम येत नाहीं म्हणून आपलें कुटुंब कसें उपाशी मेलें, हें रमाबाईंनीं पाहिलें होतें. म्हणून मुक्तिसदनांत वाचन-लेखनाबरोबर प्रत्येकीला उद्योग शिकावा लागे. शेती होती, गाईगुरें होतीं, हातमाग होते, तेलाचा घाणा होता, शिवणकाम होतें, छापखाना होता. खिळे जुळविण्यापासून यंत्र चालविण्यापर्यंत छापखान्याचें काम स्त्रिया करीत. अंध मुलींसाठीं मनोरमाबाईंनीं परदेशांत ब्रेल लिपि शिकून घेतली व त्या मुलींना वाचावयास शिकविलें. समाजानें टाकलेल्या स्त्रियांसाठीं कृपासदन, वृद्ध व अपंग स्त्रियांसाठीं प्रीतिसदन, अशा शाखा निघाल्या. कोणत्या जातीची, कोणत्या प्रांताची, हा प्रश्न दारांत विचारला जात नसे.

१८९८ सालीं अमेरिकेंतील मंडळाचीं दहा वर्षें संपलीं. रमाबाई स्वतः तेथें गेल्या, झालेल्या कामाचा हिशेब त्यांनीं लोकांपुढें ठेविला, आणि साहाय्य चालू ठेवण्यासाठीं नवें मंडळ उभें राहिलें. १९१९ सालीं सरकारनें त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिलें. ह्या काळांत त्या मोठ्या परिश्रमानें पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर करीत होत्या. त्यासाठीं त्या हिब्रू व ग्रीक भाषा शिकल्या. अशिक्षित स्त्रीलाही समजेल अशी साधी मराठी त्यांना हवी होती, म्हणून शब्द निवडतांना त्या फार काळजी घेत.

सर्व कार्याचा भार पुढें मनोरमाबाई उचलतील, अशी त्यांची आशा होती. शारदासदनाची शाळा मनोरमाबाई चालवीत होत्या, व गुलबर्गा येथें शाळा काढण्यांतही त्यांनीं पुढाकार घेतला होता. परंतु अतिश्रमानें त्यांची प्रकृति ढांसळली, आणि २४ जुलै १९२१ रोजीं मिरजेस त्यांचें निधन झालें. वय चाळीस वर्षांचें. जिला कडेवर घेऊन रमाबाई पुण्यास आल्या होत्या, ती एकुलती एक मुलगी आईच्या आधीं गेली. रमाबाईंचें वय तेव्हां त्रेसष्ट वर्षांचें होतें, व त्या स्वतः आजारी होत्या. ह्या आघातानंतरही त्यांनीं काम सोडलें नाहीं. भाषांतराचें काम पुरें केलें, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांनीं केडगांवीं देह ठेविला. सोळाव्या वर्षीं आईच्या तिरडीला एकही आप्त न मिळालेल्या ह्या बाईच्या मागें केडगांवच्या माळावर शेंकडों लेकी रडत होत्या.

केडगांवची ती संस्था रमाबाईंच्या मागेंही चालत राहिली, आणि निराधार स्त्रिया व मुलें ह्यांना आजही आसरा देत आहे. रूढी बदलल्या, कायदे बदलले. आठ वर्षांच्या मुलीला वैधव्याचा शाप देणारी चाल आतां राहिली नाहीं. परंतु मुलांच्या घरावर मृत्यूचा घाला पडणें कांहीं थांबलेलें नाहीं. आजाराची सांथ येते, अपघात होतो, पूर येतो, आणि एखाद्या वर्गांतील एक मूल आठ दिवस गैरहजर राहून परत येतें, तें निराळें होऊन येतें.

विद्यार्थी मित्रहो, असें मूल तुमच्या बाकावर येऊन बसलें, तर त्याला टाळूं नका. काय बोलावें तें सुचत नाहीं, म्हणून पुष्कळ मुलें दूर राहतात. आणि त्या मुलाला वाटतें, कीं आपलाच कांहीं दोष आहे. बोलणें सुचलें नाहीं तर नुसतें जवळ बसा. राहिलेला अभ्यास उतरून द्या. खेळावयास हांक मारा. तें आलें नाहीं तर उद्यां पुन्हां मारा. त्याच्या घरीं काय झालें ह्याची चौकशी कुतूहलानें करूं नका. त्याला सांगावेंसें वाटेल तेव्हां ऐका.

पालकांसही आमची एक विनंति आहे. वाढदिवसाला किंवा पुण्यतिथीला अनाथाश्रमांत जेवण घालण्याची चाल चांगली आहे. परंतु तेवढ्यानें आपलें कर्तव्य संपलें असें मानूं नये. आपल्या आसपास पोरक्या व दुःखी मुलांसाठीं काम करणारी जी संस्था असेल, ती आधी स्वतः जाऊन पहावी. तिचा हिशेब मागावा. तेथें मुलांना नांवानें हांक मारतात कीं नाहीं, त्यांना शिक्षण व उद्योग मिळतो कीं नाहीं, हें पहावें. मन भरलें, तर आपल्या ऐपतीप्रमाणें थोडीशी रक्कम ठरवावी आणि ती वर्षानुवर्षें न चुकतां द्यावी. ज्यांना पैसा देतां येत नाहीं, त्यांनीं आठवड्यांतील एक तास द्यावा. ती नेमानें पोंचणारी लहान रक्कम व तो एक तास ह्यांचें मोल आम्हीं वर सांगितलेल्या एका डॉलरावरून कोणाच्याही ध्यानीं येईल.

मृत्यूनें दिलेलें दुःख रमाबाईंना स्वतःचेंही पुसतां आलें नाहीं, आणि त्यांच्या मुलींचेंही नाहीं. माणसांनीं त्यावर चढविलेलें दुसरें दुःख मात्र त्यांनीं हजारों जणींच्या डोक्यावरून उतरविलें. तेवढें काम आपल्यालाही करतां येण्यासारखें आहे.